मंगळावरची वसाहत : हवा, पाणी आणि मैला

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी विज्ञान मंडळासाठी विद्यार्थ्यांना मी एक काम दिले होते. मंगळावर चाळीस माणसे कायमची राहायला जाणार आहेत असे समजा आणि त्यांच्या वस्तीचा आराखडा काढा. मुलांनी हौसेने कागद रंगवले. काचेचे घुमट आले, दुर्बिणी आल्या, व्यायामशाळा आली, एका कागदावर तर कळसासकट देऊळही आले. बहुतेक आराखड्यांत संडास नव्हता. एका मुलीने मात्र तो काढला होता. वस्तीच्या अगदी टोकाला, आणि त्याला लागून एक लहान खोली. खोलीवर लिहिले होते, 'सफाई कामगार'. मी विचारले, "हे इतके लांब का गं?" ती म्हणाली, "सर, वास येतो ना."

ही मुलगी सफाई कामगारांच्या चाळीत राहते. मीही तशाच चाळीत वाढलो. माझे वडील नगरपालिकेच्या गटारसफाईत होते, आणि घराण्यात पदवीचा कागद प्रथम माझ्याच हाती आला. त्या दिवशी वर्गात मी तिला काही बोललो नाही. पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख.

या नियतकालिकात मंगळाचे काय काम, असे काही कार्यकर्ते मित्र विचारतील. इथे प्यायला पाणी नाही आणि हा मंगळाच्या गोष्टी सांगतो, हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. गाव ही आपोआप उगवलेली वस्तू नव्हे. गावकूस कुठून जाईल, पाणवठा कुणाच्या ताब्यात राहील, वाऱ्याच्या आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला कोण राहील, हे सर्व कुणीतरी ठरवलेले आहे. म्हणजे गाव हाही एक आराखडाच. फक्त तो काढताना आपल्याला कुणी विचारले नव्हते. दुसऱ्या ग्रहावरच्या वस्तीचे आराखडे आज काढले जात आहेत, आणि ते काढणाऱ्यांपुढचे मुख्य प्रश्न हवा, पाणी, अन्न आणि मैला हेच आहेत. यातले निदान दोन प्रश्न आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाहीत.

आधी मंगळ म्हणजे काय ते पाहू. तिथला दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा, वर्ष ६८७ दिवसांचे. गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. हवा आहे, पण तिचा दाब आपल्या हवेच्या एक टक्काही नाही, आणि त्या विरळ हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पृष्ठभागावर पाणी ओतले तर ते द्रवरूपात टिकत नाही. मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, असे २००८ मध्ये फिनिक्स यानाने दाखवून दिले. हे क्षार थायरॉइड ग्रंथीला घातक, तेव्हा त्या मातीत पेरायचे तर आधी ती धुऊन घ्यावी लागेल. त्याच यानाने मातीखालचे बर्फही पाहिले, ही जमेची बाजू. ऊन पृथ्वीच्या निम्म्याहून कमी. २०१८ मध्ये तिथे असे धुळीचे वादळ झाले की चौदा वर्षे सौरऊर्जेवर चाललेली ऑपॉर्च्युनिटी ही गाडी कायमची बंद पडली. म्हणून केवळ सौरऊर्जेवर वस्ती सोडणे धोक्याचे, छोटी अणुभट्टी लागेलच, असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात.

घर बांधण्याचे शास्त्र तिथे उलटे होते. आपल्याकडे भिंतीने छप्पर तोलून धरायचे असते. मंगळावर आतली हवा छपराला वर उडवू पाहते. पृथ्वीइतका हवेचा दाब आत ठेवला तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा रेटा बाहेरच्या दिशेने बसतो. हा रेटा नुसत्या मातीच्या वजनाने दाबून धरायचा म्हटले, तर तिथल्या कमी गुरुत्वाकर्षणात छपरावर सुमारे अठरा मीटर माती टाकावी लागेल. (हा हिशेब मी वर्गात फळ्यावर करून घेतो. अकरावीचे गणित पुरते.) त्यात किरणोत्सर्गाची भर. क्युरिऑसिटी गाडीवरच्या मापकाने पृष्ठभागावर दिवसाला सुमारे दोन तृतीयांश मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा नोंदली. पृथ्वीवर निसर्गातून आपल्याला सरासरी वर्षभरात सुमारे अडीच मिलिसीव्हर्ट मिळते. थोडक्यात, चित्रातले काचेचे घुमट विसरावेत. माणसे जमिनीखाली किंवा मातीच्या जाड थराखाली राहतील. विटासुद्धा तिथल्याच मातीच्या कराव्या लागतील. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि इस्रोने मिळून २०२२ मध्ये मंगळासारख्या कृत्रिम मातीत गवारीचा डिंक, युरिया, निकेल क्लोराइड आणि एक जिवाणू घालून अशा विटा करून दाखवल्या. यातला युरिया माणसाच्या मूत्रात असतो, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावे.

हवेचा हिशेब पाहा. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो. पर्सिव्हिअरन्स गाडीवर मॉक्सी नावाचे एक यंत्र होते. ते मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड फोडून प्राणवायू काढी. एप्रिल २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळात ते सोळा वेळा चालवले आणि एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू निघाला. एका माणसाच्या साडेतीन तासांच्या श्वासाइतका. थट्टा करण्याजोगे हे नव्हे. यंत्र मुद्दामच लहान केलेले होते आणि तत्त्व खरे ठरले. पण मंगळावरचा प्रत्येक श्वास कुणीतरी यंत्रातून काढलेला असेल, हे त्यावरून मनावर ठसते.

यंत्राऐवजी झाडांनी हे काम करावे, हा विचार जुना आहे. सैबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बायोस-३ नावाची ३१५ घनमीटरांची बंदिस्त खोली बांधली आणि १९७२-७३ मध्ये तीत तीन माणसांपर्यंतची तुकडी १८० दिवस ठेवली. क्लोरेला हे शेवाळ, गहू आणि भाज्या त्यांची हवा शुद्ध करीत. बीजिंगच्या बेहांग विद्यापीठात २०१७-१८ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या आळीपाळीने अशाच बंदिस्त घरात ३७० दिवस राहिल्या. पण या सर्वांत जो प्रयोग मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो, तो अमेरिकेतला, फसलेला म्हणून हिणवला गेलेला.

ॲरिझोना राज्यात ओरॅकल गावाजवळ 'बायोस्फिअर २' ही काचेची प्रचंड इमारत आहे. पृथ्वी हे जीवावरण क्रमांक एक, म्हणून हिचा क्रमांक दोन. क्षेत्र सव्वातीन एकरांच्या आतबाहेर. आत लहानसे पर्जन्यवन, गवताळ रान, दलदल, वाळवंट, समुद्राचा तुकडा आणि सुमारे वीस गुंठे शेत. टेक्सासच्या तेलसम्राट घराण्यातल्या एडवर्ड बास यांचा पैसा. २६ सप्टेंबर १९९१ ला चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या आणि दार बंद झाले. दोन वर्षे आतले पिकवून खायचे, आतलीच हवा घ्यायची.

काही महिन्यांतच हवेतला प्राणवायू उतरू लागला. २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत तो १४.५ टक्क्यांच्याही खाली गेला. चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर राहण्यासारखी ही स्थिती. माणसांना धाप लागे, झोप मोडे. प्राणवायू जातो कुठे? जिवाणूंनी वापरला म्हणावे तर तितका कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता, तोही वाढलेला दिसेना. शेवटी उलगडा झाला. पीक चांगले यावे म्हणून शेतात सेंद्रिय द्रव्याने भरलेली सुपीक माती घातली होती. तिच्यातल्या जिवाणूंनी प्राणवायू खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि तो इमारतीच्या उघड्या काँक्रीटने शोषून घेतला. भिंतींनीच माणसांची हवा पिऊन टाकली. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू आत सोडावा लागला. फुलांवरचे बहुतेक कीटक मेले, मुंग्या आणि झुरळे मात्र माजली. डुकरे माणसांच्याच वाट्याचे खाऊ लागली म्हणून ती कापावी लागली. रताळी इतकी खाल्ली गेली की माणसांच्या अंगाला नारिंगी झाक आली. वजने उतरली. आणि आठ माणसांचे चार-चार असे दोन गट पडले. तरीही दोन वर्षे कामे थांबली नाहीत.

या हकिकतीतल्या दोन गोष्टी वृत्तपत्रांनी उडवलेल्या थट्टेत हरवून गेल्या.

पहिली मैल्याची. आठ माणसांचे सांडपाणी आणि मैला आतल्या दलदलीसारख्या टाक्यांत जाई. तिथे जिवाणू आणि पाणवनस्पती त्याचे काम करीत आणि ते पाणी खतासकट शेताला मिळे. ही व्यवस्था सांभाळणारा मार्क नेल्सन आठ जणांच्या तुकडीचा बरोबरीचा सभासद होता. बाहेर आल्यावर त्याने याच विषयात संशोधन केले, देशोदेशी सांडपाण्याच्या बागा उभारल्या, २०१४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि स्वतःला सांडपाण्याचा माळी म्हणवून घेतले. हे वाचले तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. गटारातून वर येणाऱ्या वायूचा वास ओळखून कुठे तुंबले आहे ते ते अचूक सांगत. तेही ज्ञानच होते. पण ते आमच्या घरात विद्या म्हणून नव्हे, लाज म्हणून आले. मी नोकरीच्या मुलाखतीत वडिलांचा व्यवसाय 'नगरपालिकेत नोकरी' एवढाच सांगितला होता.

दुसरी गोष्ट मालकीची. १९९४ च्या मार्चमध्ये दुसरी तुकडी आत गेली. एप्रिलच्या आरंभी बास यांनी न्यायालयाचा हुकूम मिळवून, पोलीस बळानिशी, प्रकल्पाच्या चालकांना बाहेर काढले. नव्या कारभाराची सूत्रे ज्याच्या हाती आली तो स्टीव्ह बॅनन. पुढे हाच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा सल्लागार झाला. आत माणसे श्वास घेत होती आणि त्या श्वासाची व्यवस्था बाहेर हस्तांतरित होत होती. पहिल्या तुकडीतल्या दोघांनी येऊन बाहेरून दारे उघडली, सील तोडली. आतल्यांना काय झाले आहे ते कळावे आणि बाहेर पडायचे की नाही ते त्यांनी ठरवावे, असे त्यांचे म्हणणे होते. तो प्रयोग त्याच सप्टेंबरात गुंडाळला गेला. आता ती इमारत ॲरिझोना विद्यापीठाकडे आहे आणि तिथे चांगले संशोधन चालते. पण ॲरिझोनात दार उघडले की पलीकडे हवा होती. मंगळावर ती नसेल.

आता पाण्याकडे येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नोव्हेंबर २००८ मध्ये मूत्रापासून पाणी करणारे यंत्र पोचले आणि मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी ते पाणी प्रथम प्याले. घाम, श्वासातली वाफ, मूत्र, सर्व गोळा होते, शुद्ध होते आणि पुन्हा पेल्यात येते. प्रारंभी यंत्र सारखे तुंबे. कारण मोठे बोधक आहे. वजनरहित अवस्थेत माणसांची हाडे झिजतात, हाडांतले कॅल्शियम मूत्रात उतरते आणि ते यंत्रात साचून बसते. मूत्रात मिसळायचे आम्ल बदलावे लागले तेव्हा काम मार्गी लागले. २०२३ मध्ये नासाने पाण्याच्या पुनर्प्राप्तीत ९८ टक्क्यांचा टप्पा गाठल्याचे जाहीर केले. उरलेले दोन टक्के क्षुल्लक वाटतील. पण रोज शंभर लिटर पाणी फिरवले तर रोज दोन लिटर हातचे जाते, आणि पृथ्वीवरून मंगळाकडे सोयीने यान सुटण्याची वेळ सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा येते. तेवढ्या काळात सोळाशे लिटर गेले. तिथले बर्फ खणून ही तूट भरायची, असा विचार आहे.

घन मैल्याचे मात्र स्थानकावर अजून काही होत नाही. तो बांधून मालवाहू यानात भरतात आणि यान वातावरणात जळून जाते. चंद्रावर गेलेल्यांनी तर मैल्याच्या पिशव्या तिथेच टाकल्या, त्या अजून तिथेच आहेत. मंगळावर असे चालणार नाही. मैल्यात आणि मूत्रात जे नत्र, स्फुरद आणि पालाश आहे तेच पुढच्या पिकाचे खत. मंगळाच्या हवेत नत्र तीन टक्क्यांहून कमी आणि हवाच विरळ, तेव्हा मूत्रातला युरिया सोन्याच्या मोलाचा. युरोपीय अंतराळ संस्थेने १९८९ पासून मेलिसा नावाचा प्रकल्प चालवला आहे, त्याची कल्पना तळ्यावरून घेतलेली आहे. तळ्याच्या बुडाशी, जिथे हवा पोचत नाही, तिथे घाण कुजते. तिच्यावर दुसरे जिवाणू जगतात. त्यांनी सोडलेल्या अमोनियाचे आणखी वेगळे जिवाणू नायट्रेट करतात. त्यावर शेवाळ आणि वनस्पती वाढतात आणि प्राणवायू सोडतात. हेच टप्पे एकेका टाकीत वेगळे करून बार्सिलोनाच्या विद्यापीठात जोडले आहेत. माणसांऐवजी तिथे सध्या उंदीर श्वास घेतात.

तेव्हा बंदिस्त वस्तीत मैला ही टोकाला ढकलायची वस्तू राहत नाही, ती स्वयंपाकघराची मागची बाजू होते. तिथे आज मी प्यालेले पाणी काल तुझा घाम होता. विटाळाच्या कल्पनेला उभे राहायला भौतिक जागाच उरत नाही. गावकुसाबाहेर कुणाला ठेवायचे म्हटले तरी कुसाबाहेर मृत्यूच आहे. इथे टाळी पडावी असे वाक्य आले, हे मला कळते. मीही एका शिबिरात हे बोललो आणि टाळी घेतली. पण ते पुरते खरे नाही. अंतराळ स्थानकावरच बरीच वर्षे अमेरिकी भागात मूत्राचे पाणी होई आणि रशियन भागातली यंत्रणा फक्त हवेतली दमट वाफ परत मिळवी. अमेरिकी पाण्यात आयोडीन, रशियन पाण्यात चांदी. त्याला तांत्रिक कारणे होती, भेदभाव नव्हता. पण एकाच घरात दोन पाणवठे बांधता येतात, एवढे त्यातून सिद्ध होते. एक नळ खणलेल्या ताज्या बर्फाचा, दुसरा फिरवलेल्या पाण्याचा. कुणाच्या खोलीत कुठला नळ, हे आराखडा ठरवील.

स्थानकावर शनिवारी साफसफाई असते आणि ती सगळे करतात, प्रमुखसुद्धा. संडास नादुरुस्त झाला तर डॉक्टरेट मिळवलेला माणूस हात घालतो. सहा-सात माणसांत हे निभते. चाळीस झाली, चारशे झाली, की कामाची वाटणी होणार. वाटणीला हरकत नाही. ती वाटणी जन्मभराची झाली आणि पुढे मुलांकडे गेली तर काय, हा माझा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न मला त्या अभियांत्रिकी लेखांत क्वचितच दिसला.

एक अपवाद सांगतो. एडिंबरो विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल २०१३ पासून पृथ्वीबाहेरच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सातत्याने मांडत आहेत. जिथे प्राणवायू यंत्रातून येतो तिथे यंत्राची झडप ज्याच्या हाती, त्याच्याइतकी सत्ता पृथ्वीवरच्या कुठल्याही जुलमी राजाला लाभलेली नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय. म्हणून प्राणवायूची निर्मिती एका ठिकाणी न ठेवता अनेक ठिकाणी, अनेकांच्या ताब्यात ठेवावी. म्हणजे राज्यघटनेचा काही भाग तिथे नळजोडणीतच लिहावा लागेल. याच कॉकेल यांनी स्कॉटलंडच्या तुरुंगांत कैद्यांकडून मंगळावरच्या वस्तीचे आराखडे करून घेतले आणि ते २०१८ मध्ये पुस्तकरूपाने आले. बंद दाराआड, ठरलेल्या जागेत, त्याच त्या माणसांबरोबर जगणे म्हणजे काय, हे कैद्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

कायद्याचे म्हणाल तर १९६७ चा अंतराळ करार आहे. चंद्र किंवा कुठलाही ग्रह कुठल्याही राष्ट्राला आपला म्हणता येणार नाही, असे तो सांगतो. पण २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा करून, तिथून काढलेली साधनसंपत्ती आपल्या नागरिकांच्या मालकीची होऊ शकते असे ठरवले. एलॉन मस्क यांच्या कंपनीच्या इंटरनेट सेवेच्या करारपत्रात २०२० मध्ये एक कलम दिसले: मंगळ हा स्वतंत्र ग्रह असून पृथ्वीवरच्या कुठल्याही सरकारची सत्ता तिथे नाही. त्याच वर्षी जानेवारीत मस्क म्हणाले, की ज्यांच्याकडे भाड्याचे पैसे नसतील त्यांना कर्ज मिळेल, मंगळावर कामे पुष्कळ असतील. हे वाचून मला ऊसतोड आठवली. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फेडण्यासाठी कोयता घेऊन निघायचे, आणि हंगाम संपला तरी उचल संपत नाही. ऊसतोड कामगार निदान फडातून पळून येऊ शकतो, सव्वीस महिने यानाची वाट पाहत नाही. आपल्याकडे वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आहे. जिथे कुठलेच सरकार नाही तिथे तो लावणार कोण?

आणि कागदाने काय होते तेही आपण जाणतो. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. ओंजळ भरली गेली ती २० मार्च १९२७ ला.

त्या मुलीचा कागद मी जपून ठेवला आहे. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे, सूक्ष्मजीवशास्त्र घेतले आहे. मध्यंतरी मेलिसाच्या टाक्यांची आकृती मी तिला दाखवली. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "सर, मग संडास मधोमध घ्यायला पाहिजे. नळ्या कमी लागतील." मी म्हटले, "आणि ती खोली?" ती हसली, पण उत्तर दिले नाही. पुढच्या सत्रात नव्या मुलांना मी तेच काम देणार आहे. या वेळी दोन गोष्टी दाखवणे सक्तीचे राहील : मैल्याची टाकी कुठे आहे, आणि हवेची झडप कुणाच्या खोलीत आहे.